मुगूदासासाठी एक भिंत

सिंहस्थ जवळ आला की नाशिकला रंग द्यायचं काम निघतं. उड्डाणपुलाचे खांब, शाळांच्या कंपाउंडच्या भिंती, गोदावरीकडे उतरणाऱ्या रस्त्यांचे कठडे, जिथे म्हणून सपाट जागा दिसेल तिथे ब्रश फिरतो. २०१९च्या कुंभमेळ्याआधी प्रयागराजला ‘पेंट माय सिटी’ या नावाने शहरभर भिंती रंगवल्या गेल्या. त्यांची छायाचित्रं देशभर फिरली आणि तेव्हापासून तीर्थक्षेत्र म्हटलं की भित्तिचित्रं आलीच, असं जणू ठरून गेलं. २०२७च्या पर्वण्या आता तोंडावर आहेत. नाशिकच्या भिंतीही रंगणार. त्या रंगाव्यात असंच मला वाटतं, कारण सिमेंटच्या करड्या भिंतीपेक्षा चित्र केव्हाही बरं. माझं म्हणणं आहे ते भिंतीवर काय काढायचं याबद्दल.

आजवर जे काढलं जातं ते डोळ्यांसमोर आणून पाहा. धनुष्य घेतलेला राम, डोळे मिटलेला जटाधारी साधू, दिव्यांची रांग, पाण्यात उगवता सूर्य, बाजूला कमळ. चित्र वाईट नसतं. काढणारी मुलं अनेकदा कला महाविद्यालयांतली असतात आणि त्यांचा हात चांगला असतो. पण काम चौरस फुटाच्या दराने निघालं की एकच नमुना भराभर पुढे सरकवावा लागतो आणि चेहऱ्यांवर वेळ घालवणं परवडत नाही. असं चित्र उचलून अयोध्येत नेलं, हरिद्वारला नेलं, उज्जैनला नेलं तरी ते तिथलंच वाटेल. मग ते नाशिकच्या वारशाचं चित्र कसं? देव कुठल्याच एका शहराचे नसतात. शहराची असते ती तिथल्या माणसांनी देवाधर्मापायी केलेली कृती. कुणी काय बांधलं, कुणी काय दान दिलं, कुणी कुणाला आत घेतलं आणि कुणाला दाराबाहेर ठेवलं, हा त्या शहराचा धार्मिक वारसा. भिंतीवर तो यायला हवा आणि तो यायचा तर तिथे माणूस काढावा लागेल.

हे काम एका शहराने फार चांगलं केलं आहे. ते शहर दूरचं आहे, पण नाशिकशी त्याचं एक नातं आहे. त्याकडे पुढे येतोच.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या हाय स्ट्रीटवर एका इमारतीच्या उघड्या बाजूवर, जमिनीपासून छपरापर्यंत, एक माणूस रंगवलेला आहे. डोक्यावर लोकरीची टोपी, वाढलेली दाढी, अंगात थंडीचं जाकीट. बसस्टॉपवर शेजारी उभा राहिला तर आपण वळूनही पाहणार नाही असा. त्याच्या बोटावर रॉबिन हा तांबड्या छातीचा चिमुकला पक्षी बसला आहे आणि तो माणूस सगळं लक्ष एकवटून त्या पक्ष्याकडे पाहतो आहे. डोक्यामागचं तेजोवलय नंतर नजरेत भरतं. हा संत मुंगो, सहाव्या शतकातला धर्मप्रसारक, ग्लासगोचा रक्षक संत. रस्त्याने वर चालत गेलं की जे जुनं कॅथीड्रल लागतं त्याच्या तळघरात त्याची समाधी आहे. चित्र २०१६ सालचं. चित्रकार ‘स्मग’ या नावाने ओळखला जातो. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण ग्लासगोत स्थायिक झालेला.

पक्ष्याची गोष्ट तिथल्या मुलांना पाठ असते. मुंगो लहान असताना संत सर्फ या गुरूच्या मठात शिकत होता. गुरूने पाळलेला रॉबिन इतर पोरांच्या खेळात मेला आणि त्यांनी आळ मुंगोवर घेतला. मुंगोने मेलेला पक्षी ओंजळीत घेऊन प्रार्थना केली आणि पक्षी जिवंत झाला. हा पक्षी, एक झाड, एक घंटा आणि तोंडात अंगठी धरलेला मासा अशा मुंगोच्या चार खुणा ग्लासगोच्या मानचिन्हावर आहेत. दिव्याच्या खांबांपासून सरकारी कागदांपर्यंत त्या सगळीकडे दिसतात. तेव्हा चित्रकाराला संताचं नाव लिहावं लागलं नाही. पक्षी काढला आणि काम झालं. ज्याला गोष्ट माहीत आहे त्याला संत दिसतो, ज्याला माहीत नाही त्याला एका पाखराला जपणारा माणूस दिसतो. दोघांनाही काहीतरी मिळतं आणि दोघंही एकाच फुटपाथवर उभे असतात.

दोन वर्षांनी, २०१८मध्ये, त्याच चित्रकाराने जवळच दुसरी भिंत रंगवली. तिच्यावर बाळाला छातीशी धरलेली एक तरुण आई आहे. ही मुंगोची आई तेन्यू, ग्लासगोकर तिला संत एनोक म्हणतात. तिची कथा ऐकताना अंगावर काटा येतो. राजाची मुलगी, बलात्कारातून गरोदर राहिली. बापाने तिला डोंगराच्या कड्यावरून खाली ढकलायला लावलं. ती वाचली, तर तिला वल्हं नसलेल्या होडीत बसवून समुद्रात सोडून दिलं. होडी किनाऱ्याला लागली, तिथे मुंगो जन्मला आणि सर्फने मायलेकरांना आसरा दिला. एवढं भोगलेल्या बाईला चित्रकाराने दुःखाची मूर्ती केलं नाही. बाळाला घेऊन बसलेली एक शांत, साधी आई केलं. घरातून काढून दिलेल्या कुठल्याही मुलीला त्या भिंतीकडे पाहून धीर यावा.

ग्लासगोला असं चित्र का हवं होतं, हे कळण्यासाठी त्या शहराचा इतिहास थोडा माहीत असावा लागतो. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने पिचलेले आयरिश कॅथलिक तिथे मोठ्या संख्येने आले आणि प्रोटेस्टंट शहराशी त्यांचं कधी जमलं नाही. फुटबॉलचे दोन मोठे संघ, सेल्टिक आणि रेंजर्स, या दोन पंथांचे म्हणून ओळखले गेले. रेंजर्सने मो जॉन्स्टन या नावाजलेल्या कॅथलिक खेळाडूला संघात घेतलं ते १९८९ साली आणि तेव्हा शहरात केवढी खळबळ उडाली! अशा शहरात धर्माचं चित्र भिंतीवर काढणं म्हणजे विस्तवाशी खेळ. पण मुंगो हा पंथ फुटण्याच्या हजार वर्षं आधीचा. त्याच्यावर दोघांचाही सारखाच हक्क. त्याला शहराने निवडलं ही समज मला मोलाची वाटते.

समुद्राच्या पलीकडे बेलफास्टमध्ये याच्या उलट घडलं. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रोटेस्टंट वस्त्यांच्या भिंतींवर पांढऱ्या घोड्यावर बसलेला राजा विल्यम रंगवला जाऊ लागला. १६९०च्या बॉइनच्या लढाईत कॅथलिक राजाला हरवणारा तो हाच. पुढे कॅथलिक वस्त्यांनीही आपले हुतात्मे भिंतींवर काढले. चित्र पाहून कळायचं की आपण कुणाच्या हद्दीत आहोत आणि इथून पुढे जायचं की मागे फिरायचं. रंग तोच आणि भिंतही तशीच. पण तिथे प्रत्येक बाजूने आपला विजय आणि आपली जखम तेवढी काढली, आणि भिंत दोघांच्या मधे उभी राहिली.

ग्लासगोच्या चित्रावर एक आक्षेप घेता येतो आणि तो मला हलका वाटत नाही. शहराचं जुनं बोधवाक्य ही एक प्रार्थना होती. देवा, तुझ्या वचनाच्या उपदेशाने आणि तुझ्या नामाच्या स्तुतीने ग्लासगोची भरभराट होऊ दे, असा तिचा आशय. पुढे देव, वचन आणि नाम गळून गेलं आणि उरली नुसती भरभराट. १८६६मध्ये मानचिन्हाला अधिकृत मान्यता मिळाली ती या कापलेल्या वाक्यासह. श्रद्धावान माणूस विचारेल, भिंतीवरच्या मुंगोचंही तेच झालं नाही का? उपदेश करणारा, प्रार्थना करणारा संत कुठे गेला? पर्यटकाला रुचेल असा एक गोड माणूस तेवढा उरला.

मला वाटतं, आक्षेपात तथ्य आहे आणि तरीही चित्र बरोबर आहे. प्रार्थना ही देवळातली, चर्चमधली, घरातली गोष्ट. ती तिथे टिकते कारण तिथे येणारा मनाची तयारी करून आलेला असतो. रस्ता सगळ्यांचा असतो. त्यावरून आस्तिक जातो, नास्तिक जातो, दुसऱ्या धर्माचा जातो, दवाखान्याकडे धावणारा जातो. त्यांच्यापैकी कुणालाही जबरदस्तीने हात जोडायला लावण्याचा हक्क महापालिकेला नाही. पण करुणा सगळ्यांसमोर ठेवता येते. मुंगोची प्रार्थना भिंतीवर आली नसली तरी ज्या करुणेपोटी त्याने ती केली ती आली आहे. रस्त्यावर एवढंच आणता येतं आणि ते पुरेसं आहे.

आपल्याकडे याच प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती आपल्या परंपरेतूनच येते. आपल्याकडे देवाचं चित्र नुसतं चित्र राहत नाही. पेठ-सुरगाण्याकडून एसटीने आलेली म्हातारी भिंतीवरचा राम पाहून थांबते, पायांतली वहाण काढते आणि नमस्कार करते. तिच्या श्रद्धेपुढे मी नतमस्तक आहे. म्हणूनच विचारतो, तो राम त्या भिंतीवर काढून आपण तिच्या श्रद्धेचा मान ठेवतो का? त्याच भिंतीखालून गटार वाहतं. त्याच रामाच्या पावलांवर चार महिन्यांत पानाच्या पिचकाऱ्या उडतात. निवडणुका आल्या की पोस्टर चिकटतं आणि निघताना अर्धा चेहरा घेऊन निघतं. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. सरकारी इमारतींच्या जिन्यांत लोकांनी थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स बसवण्याची रीत तर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ज्याची पूजा करायची त्याला आपण कोपऱ्यात पहाऱ्याला उभं केलं.

शास्त्राचं सोडा, साधा घरातला रिवाज पाहा. मूर्तीला तडा गेला की ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, नदीत विसर्जन करतात. गणपती दहा दिवस बसतो आणि हौसेने, रडत रडत त्याला निरोप देतात. प्रतिष्ठा, पूजा, नैवेद्य, विसर्जन असा सगळा क्रम आपण देवाच्या रूपासाठी बांधून ठेवला आहे, कारण रूप झिजतं हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतं. झिजलेल्या भिंतीवरच्या देवाचं विसर्जन कसं करणार? त्याच्यावर चुना फासणार, की तसाच फाटक्या चेहऱ्याने उभा ठेवणार? परंपरेत याचं उत्तर नाही, कारण असा देव रस्त्यावर उघडा टाकावा हे परंपरेला कधी सुचलंच नव्हतं. आपल्याकडेही भिंती रंगवत, पण बहुतेक छपराखाली. याच जिल्ह्यात चांदवडच्या रंगमहालात होळकरांच्या काळातली भित्तिचित्रं आहेत, ती वाड्याच्या आत आहेत. काळाराम दहा मिनिटांच्या अंतरावर आपल्या गाभाऱ्यात, पूजेअर्चेत उभा असताना पुलाच्या खांबावर त्याची प्रत काढून त्या म्हातारीला आपण काय जास्तीचं देतो?

मग नाशिकच्या भिंतींवर काढायचं काय? इथे मला थांबून नीट बोलायचं आहे, कारण या शहराकडे इतकं काही आहे की एका सिंहस्थात संपणार नाही.

शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरावरची लेणी आहेत, आपण सवयीने पांडवलेणी म्हणतो ती. दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेल्या या बौद्ध लेण्यांना देणग्या कुणी दिल्या ते भिंतींवर कोरून ठेवलेलं आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लेख सगळ्यांना माहीत असतो. पण दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, तो जरा सावकाश वाचावा. याने ब्राह्मणांना गाई आणि गावं दिली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि बौद्ध भिक्षूंसाठी हे लेणं खोदवलं. शिवाय तीन हजार कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून दिले. दोन हजार एका श्रेणीकडे महिन्याला शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंची चीवरं आणि इतर खर्च भागवायचा. ते गोवर्धन आजही नाशिकच्या वेशीवर त्याच नावाने नांदतं आहे. एक परकीय कुळातला सरदार, हिंदू ब्राह्मण, बौद्ध भिक्षू आणि गोवर्धनचे विणकर एका व्यवहारात बांधले गेले होते. हे चित्र काढा ना! मागावर बसलेला विणकर, ताणलेलं सूत आणि पलीकडे त्याच सुताचं चीवर पांघरून डोंगर चढणारा भिक्षू. गोवर्धनकडे जाणाऱ्या रस्त्यावर याहून योग्य काय असेल?

आणि त्याच डोंगरावर राजांच्या भव्य विहारांच्या मधे एक छोटं लेणं आहे. ते मुगूदास नावाच्या एका कोळ्याने आपल्या कुटुंबासह दान दिलं, असं तिथे लिहिलेलं आहे. मासे पकडणारा माणूस आणि त्याने दगडात लेणं खोदवलं! त्याच्याजवळ किती पैसा होता, त्याने तो कसा साठवला, त्याची बायको काय म्हणाली, मुलं किती होती, आपल्याला काहीच कळत नाही. नाव मात्र कळतं. राजांची नावं कोरली जातातच. एका कोळ्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलं याचा या शहराला अभिमान वाटायला हवा. शाळेतल्या मुलांना विचारून पाहा, मुगूदास कोण? त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. लेण्यांच्या पायथ्याशी, महामार्गाच्या बाजूला एक मोठी भिंत या माणसाला द्यावी. त्याच्या हातात जाळं असावं, शेजारी त्याची माणसं असावीत.

आता अवघड भाग. ग्लासगोचं चित्र मला आवडतं. पण ते भांडण टाळून पुढे जातं आणि नाशिकला तसं करता येणार नाही, कारण या शहराच्या धार्मिक इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हे एक भांडणच आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष काळाराम मंदिराच्या दाराशी आले. दरवाजे बंद करण्यात आले. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सत्याग्रह काही वर्षं चालू ठेवला. लोक तुकड्या-तुकड्यांनी दारासमोर बसत राहिले, तुरुंगात जात राहिले. रामरथाच्या दिवशी दगडफेक झाली. दार उघडलं नाही. शेवटी याच जिल्ह्यातल्या येवल्यात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही असं बाबासाहेबांनी जाहीर केलं. १९५६ साली नागपूरला जे धर्मांतर घडलं त्याची सुरुवात पंचवटीतल्या त्या बंद दरवाजापाशी आहे.

हा धार्मिक वारसा नाही तर काय आहे? ज्यांनी दार लावलं तेही स्वतःला रामाचे भक्त समजत होते आणि जे बाहेर बसले तेही रामाच्या दर्शनालाच आले होते. सिंहस्थाच्या भिंतींवर रामायणाचे सगळे प्रसंग येतील आणि हा एक येणार नाही, अशी भीती मला वाटते. सौंदर्यीकरणाच्या नावाखाली असे प्रसंग वगळायची आपल्याला सवय आहे. कुणी म्हणेल, जुन्या जखमा कशाला उकरायच्या, बेलफास्टचं उदाहरण तुम्हीच दिलंत. फरक आहे. बेलफास्टच्या भिंतीवर दुसऱ्याला हरवल्याचा जल्लोष आहे. इथे जे काढायचं ते आपल्या सगळ्यांच्या शहराने दार बंद केल्याची कबुली आणि त्या दारासमोर उन्हात बसलेल्या बायांचं धैर्य. ज्या शहराला आपली चूक भिंतीवर लिहिता येते त्याच्या भक्तीवर परक्या माणसाचाही विश्वास बसतो. आणि हे चित्र काढायचं तर ज्यांच्या आज्या-पणज्या तिथे बसल्या होत्या त्यांना विचारून काढावं. चेहरे त्यांनी निवडावेत. निविदा काढून बाहेरच्या कंत्राटदाराने परस्पर उरकायचा हा विषय नाही.

आपल्यातली भांडणं एवढ्यावर संपत नाहीत. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर आणि वैष्णव आखाडे नाशकात रामकुंडावर स्नान करतात, हीसुद्धा पेशवाईतल्या एका रक्तरंजित मानापमानानंतर पडलेली वाटणी आहे. हजारो भाविक दोन्हीकडे जातात, पण दोन ठिकाणं का, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आता ग्लासगोशी असलेलं ते नातं. तिथल्या कॅथीड्रलच्या चौकात, मुंगोच्या समाधीपासून जवळच, डेव्हिड लिव्हिंगस्टनचा पुतळा आहे. आफ्रिकेत फिरलेला हा धर्मप्रसारक ग्लासगोजवळच्या ब्लँटायरमध्ये १८१३ साली जन्मला. १८७३च्या मे महिन्यात तो आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारला. त्याच्या सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून वाळवला आणि महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. त्या सोबत्यांत जेकब वेनराइट नावाचा तरुण होता. झाडावर लिव्हिंगस्टनचं नाव आणि मृत्यूची तारीख त्याने कोरली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी नेताना तिच्या मानकऱ्यांत तो होता. हा जेकब वेनराइट लिहायला-वाचायला शिकला तो नाशिकला, आपल्या शरणपुरात.

गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इंग्रजांचं आरमार मुंबईला आणून सोडत असे. त्यांतल्या अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरच्या वसाहतीत वाढवलं, लोहारकाम-सुतारकाम शिकवलं. आफ्रिकेच्या प्रवासवर्णनांत या मुलांना ‘नासिक बॉइज’ म्हटलेलं आहे. आपण रोज शरणपूर रोडवरून जातो, सिग्नलला थांबतो, दुकानांत जातो. आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे की बेड्यांतून सुटलेली ही मुलं इथे मोठी झाली आणि इथून परत आफ्रिकेत गेली? मिशनऱ्यांच्या हेतूंवर हवी तेवढी चर्चा करावी, ती व्हायलाच हवी. पण घर हरवलेल्या मुलांना या गावाने आसरा दिला, ही गोष्ट त्या चर्चेने पुसली जात नाही. शरणपूर रोडवर एका पंधरा-सोळा वर्षांच्या आफ्रिकन मुलाचं चित्र असू द्या, हातात पाटी घेतलेल्या. ग्लासगोच्या मुंगोसारखंच, आजच्या कपड्यांत काढलं तरी चालेल.

याच शहरात जुन्या नाशकातली बडी दर्गा आहे. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला देशभरातून लोक येतात. नारोशंकराच्या देवळावर वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे आणि पूर आला की पाणी कुठवर चढलं ते नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून ठरवतात. शिवाच्या देवळावर पोर्तुगीज घंटा आणि पुराचं माप मारुतीच्या अंगावर, एवढं नाशिक अजून कुठल्या भिंतीवर आलं आहे?

एक गोष्ट मात्र चित्रांच्या आधी सांगायला हवी. वारसा नुसता रंगवून राहत नाही. २००३च्या सिंहस्थाच्या तयारीत गोदापात्रात काँक्रीट ओतलं गेलं आणि जुनी कुंडं त्याखाली गाडली गेली, ती मोकळी करण्यासाठी नागरिकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. २०२५च्या अखेरीला साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. राम-सीता-लक्ष्मण जिथे राहिले असं आपण मानतो त्या तपोवनातलं झाड पाडायचं आणि मग जवळच्या भिंतीवर हिरवं अरण्य रंगवायचं, हे कुणाही भक्ताला सोसवू नये. जिवंत झाड वाचत असेल तर त्या भिंतीचा सगळा रंग वाचवा, माझी काही हरकत नाही.

नाशिककरांना माझी विनंती आहे. भिंतींच्या निविदा निघण्याआधी आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला, महापालिकेला पत्र लिहा. तुमच्या गल्लीत श्रद्धेपोटी कुणी काय केलं, कुणी विहीर खोदली, कुणी धर्मशाळा बांधली, कुणी कुणाचं प्रेत उचललं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून द्या. चित्रकारांचा दर चौरस फुटावर ठरवू नका, चेहऱ्याला वेळ मिळेल असं मानधन द्या आणि भिंतीच्या कोपऱ्यात त्यांचं नाव असू द्या. पंचवटीत एक भिंत २ मार्च १९३०ला द्या, शरणपूरला एक जेकब वेनराइटला आणि त्रिरश्मीच्या पायथ्याशी एक मुगूदासाला. बाकीच्या भिंतींवर काय काढायचं ते तुमच्या पत्रांतून ठरू द्या. पावसाळ्यात ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, तेव्हा जे ठरवायचं ते पाऊस सुरू व्हायच्या आत ठरवा.